उजव्या पायातला दोरा

सासूबाईंच्या शेपटीखालची पिसं झडायला लागली तेव्हा बाईंनी आधी दोष दाण्याला दिला, मग हवेला, आणि मग नेहमीप्रमाणे कंपाउंडरांना. सासूबाई म्हणजे परसातल्या सात कोंबड्यांमधली सगळ्यांत थोरली, मान फुगवून बाकीच्यांना दाण्यापासून हुसकावणारी तपकिरी कोंबडी. हे नाव तिला बाईंनीच दिलं होतं, आणि ज्यांच्यावरून दिलं त्या हयात होत्या तोवर ते फक्त मनातल्या मनात घेतलं जायचं. कंपाउंडर म्हणजे बाईंचे यजमान; चाळीस वर्षं एका दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधून ते निवृत्त झाले, पुढे तो दवाखानाही बंद पडला, पण गल्लीतल्या लोकांच्या तोंडी ते कंपाउंडरच राहिले. आणि बाई म्हणजे शिवणाच्या बाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी सुईदोरा शिकवला होता, आणि वाकडा टाका दिसला की तो उसवल्याशिवाय त्यांना अजूनही चैन पडत नसे, मग तो कापडावरचा असो की माणसाच्या वागण्यातला.

एका शनिवारी सकाळी त्यांनी सासूबाईंना मांडीवर आडवं घेतलं, शेपटीखालच्या पिसांवर उलटी फुंकर मारली आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून पाहिलं. लालसर कातडीवरून गव्हाळ रंगाच्या उवा सैरावैरा पळत होत्या, आणि पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे पुंजके ओल्या मिठासारखे घट्ट बसले होते. मग त्यांनी खुराड्यात डोकं घालून कोंबड्या बसायच्या दांडीच्या खालच्या अंगानं एक पांढरं फडकं फिरवलं, तर त्यावर तांबड्या रेघा उमटल्या. म्हणजे ती दुसरी कीडही आली होती, लाकडाच्या फटीत दिवसभर दडून राहणारी आणि अंधार पडला की कोंबड्यांच्या पायांवर चढून रक्त पिणारी. बाईंनी ते फडकं तसंच नेऊन कंपाउंडरांच्या वर्तमानपत्रावर ठेवलं.

"बघा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही रोज खुराडं झाडता म्हणे."

हे काम एकट्याचं नव्हे. एकानं कोंबडी धरायची, दुसऱ्यानं पावडर मारायची, अशी या घरात वाटणी होती, आणि ती कुणी ठरवली होती हे सांगायला नको. कंपाउंडर उलट्या बादलीवर बसत, कोंबडी डाव्या काखेत घेत, उजव्या हाताच्या बोटांत तिचे दोन्ही पाय धरत आणि तिला अलगद कलती करत. बाईंनी एका जुन्या मोज्यात पावडर भरून ठेवलेली असे. तो मोजा त्या पंखाखाली, छातीवर, मांडीच्या आत, शेपटीखाली थापटत आणि पिसं विस्कटून पावडर कातडीपर्यंत पोचवत. पहिल्या वर्षी औषध मारलेली कोणती आणि राहिलेली कोणती याचा असा घोळ झाला होता की ठिपकीला तीनदा पावडर बसली आणि लंगडीला एकदाही नाही. तेव्हापासून बाईंनी दोऱ्याची पद्धत काढली. पहिल्या खेपेला डाव्या पायात तांबडा दोरा, दुसऱ्या खेपेला उजव्या पायात पांढरा. दुसरी खेप दहाव्या दिवशी, कारण पावडरीनं उवा मरतात, लिखा मरत नाहीत. त्यातून निघालेली नवी पिलावळ अंडी घालण्याजोगी व्हायच्या आत तिला गाठावं लागतं.

दोरा फार आवळायचा नाही, करंगळीचं टोक आत जायला हवं, पण गाठ मात्र अशी बसायला हवी की चिखलानं, पाण्यानं, चोचीच्या ओढीनं सुटू नये. ती गाठ बाईंची स्वतःची होती. बाई डावखुऱ्या; दोरा खालून वर घेऊन, दोनदा उलटा वळवून, टोक आतल्या बाजूला दडवून त्या ती बसवत. तीस वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थिनीला ती जमली नव्हती, आणि बाई तोंडानं हळहळत असल्या तरी मनातून त्यांना त्याचा आनंद होता.

"घट्ट धरा हो," त्या शनिवारी त्या म्हणत होत्या. "कोंबडी आहे, काचेचं भांडं नव्हे."

"धरलीये."

"याला धरणं म्हणतात? उद्या मी नसले तर या कोंबड्या तुम्हाला धरतील."

कंपाउंडर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि असल्या बोलण्याला उत्तर न देण्याची त्यांना सवय झाली होती. बाईंना त्यात काही वावगं वाटत नसे. आपल्यावाचून या घरातलं पान हलत नाही, ही त्यांची तक्रारही होती आणि आयुष्यभराची मिळकतही. कुणी विचारलं असतं की तुमचं असं जगात काय आहे, तर त्यांनी घराकडे, परसाकडे आणि बादलीवर बसलेल्या त्या गप्प माणसाकडे बोट दाखवलं असतं, आणि म्हणाल्या असत्या की हे सगळं मी आहे म्हणून उभं आहे.

दुसरी खेप मंगळवारी यायची होती. पण रविवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे बाईंची लहान बहीण, बसनं तीन तासांवर राहणारी, एकटी. तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला डॉक्टरांनी एकदम उद्याचीच वेळ दिली होती. "ताई, तू येतेस का गं? थेंब घालायला कुणीतरी हवं," ती म्हणाली, आणि बाईंनी हो म्हणून टाकलं. मग त्यांनी कंपाउंडरांना समोर बसवून सूचना दिल्या. दूधवाल्याला काय सांगायचं, गॅस कसा बंद करायचा, आणि मुख्य म्हणजे कोंबड्यांना हात लावायचा नाही.

"दहावा दिवस मंगळवारी भरतोय," कंपाउंडर म्हणाले.

"मी बुधवारी येतेय. एका दिवसानं काही आभाळ कोसळत नाही. तुम्हाला एकट्याला जमणार नाही ते."

"बरं," कंपाउंडर म्हणाले.

बुधवारी दुपारी बाई परतल्या. घर जागच्या जागी होतं, भांडी घासलेली होती, आणि कंपाउंडरांनी न सांगता चहा टाकला तेव्हा बाईंना जरा नवल वाटलं. पण दोन रात्री धड झोप झाली नव्हती, नवल करत बसायला त्यांना वेळ नव्हता. चहा घेऊन, जुने कपडे चढवून त्या परसात गेल्या आणि मोजा शोधू लागल्या. मोजा खिळ्याला टांगलेला होता. त्याच्या अंगठ्याला महिन्यापासून भोक पडलं होतं, त्यातून पावडर सांडायची, आणि आज रफू करू, उद्या करू असं म्हणत बाईंनी ते तसंच ठेवलं होतं. आता ते भोक बुजलेलं होतं. बाईंनी रफूवरून बोट फिरवलं. टाके बारीक होते, सारख्या अंतराचे, उजवीकडून डावीकडे झुकलेले.

त्यांनी लंगडीला हाक मारली. लंगडी पिल्लू असताना एक पाय मोडल्यामुळे बाईंनी तिला खोक्यात ठेवून, हातानं भरवून वाढवली होती. बाई परसात आल्या की ती लंगडत लंगडत येऊन त्यांच्या पायाशी बसायची. आज ती आली नाही. बाई जवळ गेल्या तर ती पळाली, आणि शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात गाठून त्यांनी तिला उचललं तेव्हा ती असली किंचाळली की बाकीच्या सहाही जणी खुराड्यात शिरल्या. बाईंच्या हातात तिची छाती धडधडत होती. तिच्या उजव्या पायात पांढरा दोरा होता.

सातही जणींच्या पायात होता. बाईंनी एकेकीला धरून पाहिलं, हातावर ओरखडे आले तरी सोडलं नाही. पंखाखाली पावडर होती, मांडीच्या आत होती, शेपटीखाली पिसं विस्कटून अगदी कातडीपर्यंत पोचवलेली होती. खुराड्यातल्या दांड्या निघून उन्हात उभ्या होत्या आणि त्यांच्या फटीफटीतून ब्रशानं तेल फिरवलेलं होतं.

बाई तावातावानं घरात आल्या. "कुणाला बोलावलं होतंत?"

"कशाला?"

"पावडर मारायला. मी नको म्हटलं होतं ना? कोण आलं होतं?"

कंपाउंडरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव नव्हता. प्रश्न नीट ऐकू आला नसावा असं वाटून माणूस बघतो तसं ते बघत होते.

"असं काय विचारतेस?" ते म्हणाले. "तूच तर होतीस."

कंपाउंडरांना थट्टा करता येत नाही, हे बाईंना चौतीस वर्षं माहीत होतं. तरी त्यांनी ती थट्टाच धरली, दोन शब्द सुनावले आणि पुन्हा परसात गेल्या. लंगडीला मांडीत दाबून त्यांनी तिच्या पायातला दोरा नखानं चाचपला. गाठीचं टोक आतल्या बाजूला दडवलेलं होतं, आणि दोऱ्याच्या आत करंगळीच्या टोकाएवढी जागा होती. ती गाठ सोडवायची एकच तऱ्हा होती, आधी मागचा वेढा सैल करायचा आणि मग टोक वर ढकलायचं. तसं करताच दोरा सुटून बाईंच्या तळहातावर पडला. दोऱ्याच्या आत करंगळीच्या टोकाएवढी जागा होती. बाईंना आधी आपल्या हाताची भीती वाटली, मग डोक्याची. माणसाचं वय झालं की काय काय होतं ते त्यांनी आपल्या सासूच्या बाबतीत पाहिलं होतं. पण सासूला सकाळचं आठवत नसे. बाईंना मंगळवारचा एकेक तास आठवत होता.

संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारणीनं हाक मारली. या शेजारणीशी बाईंचं दोन वर्षांपासून सांडपाण्यावरून वाजलं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद होतं. नळीचं तोंड कुणीकडे असावं याबद्दल बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे शेजारीण कबूल करत नाही तोवर तिच्याकडे बघायचंही नाही असं बाईंनी ठरवलं होतं.

"तुम्ही दिलेली अंडी छान निघाली हो," शेजारीण म्हणाली. "पावडरीच्या आधीची म्हणून सांगितलंत, म्हणून बिनघोर खाल्ली आम्ही. आणि काल तुम्ही दोघं काय हसत होतात! मी ह्यांना म्हटलं, बघा, या वयात कसे हसतात दोघं, नाहीतर आपण."

"काल?" बाई म्हणाल्या.

"काल सकाळीच की. दहा-अकराच्या सुमाराला." शेजारीण जरा घुटमळली, मग कुंपणाच्या तारेवर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "आणि ते नळीचं… तुम्ही आपण होऊन चूक माझी होती म्हणालात ना, त्यानं मला फार बरं वाटलं. मी पण काही कमी बोलले नव्हते. जाऊ दे झालं."

दोन वर्षं जे त्यांनी सांभाळून ठेवलं होतं ते कुणीतरी त्यांच्या तोंडानं, त्यांना न विचारता, देऊन टाकलं होतं. नाही म्हणावं तर काय म्हणून नाही म्हणायचं? त्या मान हलवून आत आल्या आणि त्यांनी धाकटीला फोन लावला.

"मी मंगळवारी कुठं होते गं?"

"म्हणजे काय?" धाकटी हसायला लागली. "माझ्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब कोण घालत होतं मग? सकाळी सातपासून खुणा केल्यायस तू कागदावर. आणि दहा वाजता माझ्यावर ओरडलीस, डोळा चोळते म्हणून. ताई, तुला बरं आहे ना?"

"बरंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. डोकं ठिकाणावर होतं याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण मंगळवारी सकाळी दहा वाजता आपण तिकडे बहिणीवर ओरडत होतो आणि त्याच वेळी इथे परसात आपला नवरा कुणाबरोबर तरी हसत होता, एवढंच त्यांच्या मनात राहिलं.

पुढचे तीन दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून घर न्याहाळलं. काही हरवलं नव्हतं. कपाटातल्या घड्या मोडलेल्या नव्हत्या, कंगव्यात परका केस नव्हता. उलट जी कामं त्यांच्याकडून राहून गेली होती तेवढी झालेली होती. कंपाउंडरांच्या सदऱ्याचं दुसरं बटण लावलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी तेल दिल्यासारखी सरकत होती. कोंबड्यांच्या अंगावर तर एक ऊ औषधालाही उरली नव्हती. बाईंच्या हातून इतकं स्वच्छ काम आजवर कधी झालं नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं. सासूबाईंच्या शेपटीखाली नवी पिसं फुटली होती. पण बाई दाणे घेऊन गेल्या की सातही जणी लांब उभ्या राहून त्यांच्या तोंडाकडे बघत, आणि त्या दाणे टाकून आत गेल्यावरच खायला येत. लंगडी तर तेव्हाही येत नसे.

आणि कंपाउंडर गुणगुणत होते. दाढी करताना, भाजी निवडताना, वर्तमानपत्राची घडी घालताना ते हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत, आणि बाई खोलीत आल्या की थांबत. परसाच्या दाराचा आवाज झाला की ते चटकन मान वर करत. दारात बाई दिसत. मग त्यांची मान खाली जाई. पहिल्यांदा बाईंना तो योगायोग वाटला, दुसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम दार वाजवलं, आणि तिसऱ्यांदा वाजवायची त्यांची हिंमत झाली नाही. नवऱ्यानं बाहेर कुणाशी सूत जमवलं असतं तर बाईंनी आकाशपाताळ एक केलं असतं, चार लोकांत त्याला उभं केलं असतं, रडल्या असत्या, भांडी आपटली असती. पण इथे कुणाचं नाव घ्यायचं? कुणाला जाऊन सांगायचं की माझ्या नवऱ्यानं माझ्याशीच संधान बांधून मला फसवलं? त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटत नव्हतं. त्यांना फसवलंच गेलं होतं, आणि ते सिद्ध करायला जवळ काही नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी मोजा हातात घेतला. "चला. एकदा तपासून घेऊ. एखादी राहिली असेल तर तिसरा हात मारून टाकू."

कंपाउंडर मुकाट्यानं उठले, बादली उलटी करून बसले आणि त्यांनी ठिपकीला काखेत घेतलं. ठिपकी त्यांच्या काखेत शांत होती. बाईंचा हात तिच्या पंखाकडे गेला तशी ती अशी फडफडली की पावडरीचा लोट दोघांच्या तोंडावर आला. कंपाउंडरांनी तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि ते तिला काहीतरी समजावत राहिले. ते इतक्या हलक्या आवाजात बोलत होते की बाईंना शब्द कळले नाहीत. एवढ्या प्रेमानं ते माणसाशी शेवटचं कधी बोलले होते, हे आठवायचा बाईंनी प्रयत्न केला.

"घट्ट धरा," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि मग त्यांच्या हातातला मोजा थांबला.

"एक विचारते. खरं सांगा. मंगळवारी जी आली ती मी नव्हते, हे तुम्हाला कळलं नाही?"

कंपाउंडरांनी वर पाहिलं नाही. ठिपकीच्या मानेवरची पिसं ते बोटानं सारखी करत होते. त्यांनी नाही म्हणावं, अगं तूच होतीस असं पुन्हा म्हणावं, वाटल्यास वेड्यात काढावं, असं बाईंना त्या क्षणी फार वाटलं. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला आपल्यातला आणि दुसरीतला फरक कळू नये हे वाईट होतं, पण ते सोसता आलं असतं.

"कळलं," कंपाउंडर म्हणाले.

"कधी?"

"दुसऱ्या कोंबडीला."

"कशावरून?"

"तिनं विचारलं, हात दुखतोय का म्हणून."

बाईंना काही समजलं नाही. मग त्यांनी कंपाउंडरांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजून वर आला होता, आणि तो आज-काल आलेला नव्हता हे शिवणाऱ्या माणसाच्या नजरेला लगेच कळण्यासारखं होतं. "कधीपासून आहे हे?" त्यांनी विचारलं.

"झाली सात-आठ वर्षं."

"बोलला नाहीत कधी."

कंपाउंडरांनी ठिपकीचा विस्कटलेला पंख नीट मिटवला. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे झटकत होती, तो आवाज तेवढा येत राहिला.

"कळलं, आणि मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? पाच कोंबड्या राहिल्या होत्या."

"अहो, कोण होती ती? कुठून आली, कुठं गेली?" बाईंचा आवाज चढला, ठिपकी काखेतून निसटली आणि पंख आपटत खुराड्यात पळाली. "परकी बाई घरात शिरते, माझ्या मोज्याला हात लावते, माझी गाठ बांधते, लोकांशी माझ्या तोंडानं बोलते, आणि तुम्ही तिला एका शब्दानं विचारलं नाहीत?"

"परकी नव्हती गं," कंपाउंडर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती; असली तर थोडी कीव होती. "तूच होतीस. फक्त…"

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. फक्त काय, हे बाईंनी विचारलं नाही, कारण उत्तर मिळेल याची त्यांना खात्री होती.

घरात फोन वाजायला लागला. बाई पावडरीच्या हातांनी तशाच आत गेल्या. धाकटी होती; डोळा छान उघडला होता, डॉक्टर खूश होते, आणि आता लगोलग डावाही करून टाकू असं म्हणत होते, मंगळवारची वेळ मिळत होती. "येशील का गं ताई? उद्याच निघावं लागेल."

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला नाही, इतका तो घाबरलेला होता. "मला नाही जमणार. तू दुसरं कुणी बघ. मी घर सोडून येऊ शकत नाही आता. नाही म्हटलं ना, एक दिवसही नाही, समजून घे."

बोलता बोलता त्यांना मागं पावलं ऐकू आली. कंपाउंडर परसातून आत आले, मोरीत हात धुऊन त्यांनी ते नीट पुसले आणि ते आतल्या खोलीत गेले. स्टूल ओढल्याचा आवाज झाला. बाई फोन कानाशी धरून दारापर्यंत सरकल्या. कंपाउंडर स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावरून त्यांची प्रवासाची बॅग काढत होते. दुखऱ्या हातानं ती पेलत नव्हती तरी दोन्ही हातांनी छातीशी धरून त्यांनी ती जपून खाली आणली, पलंगावर ठेवली, खिशातला रुमाल काढून तिच्यावरची धूळ पुसली, आणि चेन एकदा उघडून, एकदा लावून पाहिली.

"सकाळची पहिली बस घे," ते प्रेमानं म्हणाले. "म्हणजे उन्हाच्या आत पोचशील."